दिराला स्किझोफ्रेनिया आहे, घरातला कोयता लपवू का?

प्रश्न : ताई, आम्ही गुहागरजवळ राहतो. धाकट्या दिराला स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येतात, उगाच संशय येतो असा मनाचा आजार, रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाच्या गोळ्या चालू आहेत. आजवर कुणाला बोट लावलेलं नाही त्याने. पण वाडीत बोलतात, असली माणसं कधी कुणाचा जीव घेतील नेम नाही, पोरांना लांब ठेवा. आता मी कोयतासुद्धा माळ्यावर लपवते. चुकतंय का माझं?

उत्तर : घाबरलात यात चूक काही नाही हो, घरात लहान पोरं असली की होतंच असं. पण वाडीतलं बोलणं खरं नाही. हा आजार असलेली बहुतेक माणसं कुणावर हात उगारत नाहीत, उलट तीच मार खातात, फसवली जातात. धोका थोडा वाढतो हे खरं, पण त्यात दारू आणि नशेचा वाटा फार मोठा. स्वीडनमधल्या आठ हजार रुग्णांचा अभ्यास २००९ साली छापून आला, त्यात व्यसन असलेल्यांपैकी साधारण २८ टक्के लोकांना हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा झाली होती, व्यसन नसलेल्यांत साडेआठ टक्के आणि हा आजार नसलेल्या बाकी लोकांत पाचेक टक्के. म्हणून म्हणते कोयत्यापेक्षा बाटलीवर लक्ष ठेवा, शिमग्यात दोस्त मंडळी "घे रे थोडी" करतात ना, तिथे घरच्यांनी आडवं यायचं.

गोळ्या नीट चालू असतील तर कोयता खाली आणा, त्याला नारळ सोलू दे, लपवलेलं त्यालाही कळतं आणि मनाला लागतं. मात्र गोळ्या बंद केल्या, रात्र रात्र झोप नाही, अमका मला मारणार असं नाव घेऊन बोलतोय किंवा कानातले आवाज "मार" म्हणून सांगतायत, तर मग थांबू नका, कोयता गुपचूप उचला, हुज्जत घालू नका आणि सरळ डॉक्टरांकडे न्या. जगण्यात अर्थ नाही म्हणाला तरी तसंच, कारण या आजारात दुसऱ्यापेक्षा स्वतःच्या जिवाला धोका जास्त असतो. रात्री-अपरात्री टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात.

कुणी बांधून ठेवा म्हणालं तर अजिबात ऐकू नका, साखळीने बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे. आणि पोरांना काकापासून तोडू नका, त्याला बरं नसेल तेव्हा फक्त मोठं कुणीतरी सोबत असू दे.