पोटॅशियमचा आकडा आणि जिना

चि. डॉक्टर,
सप्रेम आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. काकांचं रक्तातलं पोटॅशियम सकाळी पेठेतल्या लॅबमध्ये 5.8 (लिटरमागे मिलिमोल) आणि दुपारी तुमच्याकडे, डायलिसिस सुरू होण्याआधी, 5.2. मुलगा हातात दोन्ही रिपोर्ट धरून विचारतोय, कुठली लॅब चुकली? कदाचित कुठलीच नाही. सकाळी काका पीएमटीच्या बसमधून उतरून (पीएमपी म्हणायची सवय मला आता लागणार नाही) चालत गेले, लिफ्ट नसलेल्या इमारतीचे दोन मजले चढले आणि पोचल्या पोचल्या हात पुढे केला. दुपारी मात्र ते अर्धा तास आडवे होते.

उभं राहिलं की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांकडे उतरतं, केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपतं. 15-20 मिनिटांत प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, साधारण 10 टक्के कमी होतो. ज्याला बाहेर पडता येत नाही ते दाट होतं: अल्ब्युमिन हे प्रथिन, हिमोग्लोबिन, अल्ब्युमिनला चिकटलेलं कॅल्शियम. पोटॅशियमचा आयन छोटा, तो पाण्याबरोबर निघून जातो. त्यामुळे नुसतं रक्त दाट झाल्यानं पोटॅशियम फारसं चढत नाही. कॅल्शियमचं स्पष्टीकरण उचलून पोटॅशियमला लावणारे बरेच भेटतील, तू लावू नकोस.

पोटॅशियम हलतं ते स्नायूंमुळे. शरीरातलं सुमारे 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं, आपण मोजतो ते उरलेल्या 2 टक्क्यांतलं. जिना चढताना मांड्या-पोटऱ्यांतून थोडं बाहेर पडतं आणि विश्रांती मिळाली की परत आत जातं. उभं राहिल्यावर रेनिन आणि अल्डोस्टेरॉन ही संप्रेरकंही वाढतात. अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडाला हुकूम सोडतं की पोटॅशियम लघवीतून घालव. पण ज्याला दिवसभरात पेलाभर लघवी होते त्याच्यासाठी या हुकमाचा उपयोग काय? त्यात टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी चालू असेल तर हुकूमच नीट निघत नाही, आणि अल्डोस्टेरॉनला अडवणारं स्पायरोनोलॅक्टोन असेल तर निघालेला ऐकला जात नाही. निरोगी माणसाकडे असते ती सवड काकांकडे नाही.

तरीही बसणं-झोपणं हे कारण मुठीपुढे किरकोळ आहे. शीर सापडेना की आपल्याकडे ‘मूठ आवळा, सोडा, आवळा’ सुरू होतं. फिस्टुलाचा (डायलिसिससाठी शीर-धमनी जोडलेला) हात राखायचा, म्हणून सगळ्या सुया दुसऱ्या हाताला. तिथल्या शिरा टोचून टोचून थकलेल्या, मग रबरी पट्टा बांधलेलाच राहतो. अशा वेळी त्या हातातलं पोटॅशियम 1 मिलिमोलच्या आसपास चढू शकतं, म्हणजे 5.0 चं 6.0 दिसतं. घरून नेलेल्या नमुन्याची आणखी एक गंमत: सिंहगड रोडच्या गर्दीत बर्फाच्या डब्यात तासन्‌तास राहिलेल्या रक्तात पेशींचे पंप थंडीनं मंदावतात आणि पोटॅशियम बाहेर झिरपतं. रक्तपेशी फुटल्याचा लाल रंगही दिसत नाही, म्हणून कुणाला शंका येत नाही. जांभळ्या बुचाच्या नळीतला थेंब चुकून दुसऱ्या नळीत गेला तर रक्त गोठू नये म्हणून तिथे घातलेल्या ईडीटीएचं पोटॅशियम मिसळतं. तेव्हा सोबतचं कॅल्शियम बघ, ते विचित्र खाली आलेलं असतं.

रक्त घेण्याआधी पेशंटला 15 मिनिटं खुर्चीत बसवावं, असं 2018 च्या युरोपीय शिफारशी सांगतात. आपल्या सकाळच्या रांगेत हे ऐकून लोक हसतील. निदान मूत्रपिंडाच्या पेशंटला तरी बसव, आणि फॉर्मवर ‘बसून’ किंवा ‘आडवं’ एवढं लिहून ठेव.

आता उलट बाजू, आणि ही मी जास्त जोर देऊन सांगते. 6.5 आलं की ‘जिना चढून आले असतील’ म्हणत बसू नकोस. आधी ईसीजी काढ, त्यातल्या टी लाटा टोकदार झाल्यात का, क्यूआरएस हा ठोक्याचा मुख्य उंचवटा रुंदावलाय का ते बघ, नमुना पुन्हा पाठव आणि ईसीजी बिघडलेला असेल तर दुसऱ्या रिपोर्टची वाट न बघता उपचार सुरू कर. आकडा खोटा ठरवण्याची घाई मी चांगल्या हुशार मुलांमध्ये पाहिली आहे. ईसीजी नॉर्मल दिसला म्हणूनही निर्धास्त होता येत नाही.

काकांच्या मुलाला लॅबपेक्षा घरचं विचार. आदल्या दिवशी एकादशी होती का? रताळं, बटाटा, केळं, खजूर असा उपास असेल तर 5.8 ला जिन्याची गरज नाही. शहाळं कुणी ‘ताकदीसाठी’ देतंय का? आणि बीपीसाठी म्हणून आणलेलं कमी सोडियमचं मीठ स्वयंपाकघरात असेल तर त्याची पिशवी घेऊन यायला सांग. त्यात सोडियमच्या जागी बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइडच असतं.

पुढचा नमुना डायलिसिसचं मशीन सुरू होण्याआधी, आडवं झाल्यावर, मूठ न आवळता घे. आलेख काढायचा तर तो या नमुन्यांचाच काढ, पेठेतल्या लॅबचे आकडे वेगळ्या रकान्यात ठेव.

तुझी,
मॅडम