अंटार्क्टिकाला जायचे असेल, तर दक्षिण जॉर्जियामार्गे जा

प्रिय मित्रास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. अर्जेंटिनातील उशुआयाहून निघून अंटार्क्टिक द्वीपकल्प पाहून परतणारी दहा-अकरा दिवसांची जहाजसफर या हंगामात घ्यावी, की आणखी पैसे साठवून दक्षिण अटलांटिकमधील फॉकलंड आणि दक्षिण जॉर्जिया बेटांवरून जाणारी सुमारे तीन आठवड्यांची सफर घ्यावी, असे तू विचारले आहेस. माझ्या मते तू थांबावेस. सातव्या खंडावर पाऊल ठेवल्याची नोंदच हवी असेल तर छोटी सफर पुरेशी आहे; परंतु तुझा ओढा पक्षी आणि सागरी प्राण्यांकडे आहे, आणि ते दक्षिण जॉर्जियाच्या किनाऱ्यांवर जितक्या दाटीने दिसतात तितके द्वीपकल्पावर दिसत नाहीत.

हे बेट सुमारे 170 किलोमीटर लांब आहे. त्याचा निम्म्याहून अधिक भाग बर्फाखाली असला तरी भोवतालचा समुद्र अन्नाने समृद्ध आहे. सेंट अँड्र्यूज बे येथे किंग पेंग्विनच्या लाखाहून अधिक जोड्यांची वसाहत आहे, आणि पिल्लू वाढायला वर्षाहून अधिक काळ लागत असल्याने हंगामाच्या बहुतेक दिवसांत प्रौढ पक्ष्यांच्या गर्दीत तपकिरी लवीची, अंगाने आईबापांएवढी झालेली पिल्ले शिट्टीसारख्या आवाजात अन्न मागत उभी असतात. तिथे छायाचित्रांच्या मागे न लागता अर्धा तास एकाच जागी उभा राहा. तुला पाच मीटरचे अंतर राखावे लागेल. पेंग्विन ते राखतीलच असे नाही.

याच बेटावरच्या ग्रिटविकेनला मात्र मन घट्ट करून जा. नॉर्वेच्या कार्ल अँटन लार्सनने 1904 मध्ये तिथे व्हेलच्या शिकारीचे केंद्र उभारले, आणि पुढच्या साठ वर्षांत या बेटावरील केंद्रांमधून सुमारे पावणेदोन लाख व्हेलची चरबी वितळवली गेली. त्या गंजलेल्या टाक्या अजून उभ्या आहेत. जवळच्या दफनभूमीत 1922 मध्ये निधन पावलेल्या, अंटार्क्टिक मोहिमांसाठी प्रसिद्ध असलेल्या अर्नेस्ट शॅकल्टनची कबर आहे. बहुतेक प्रवासी कबरीपाशी रेंगाळतात आणि टाक्यांवरून घाईने जातात. तू उलट केलेस तरी चालेल.

या बेटावर उतरण्यापूर्वी जहाजावर जी तपासणी होते, तिला कंटाळू नकोस. शिकारी जहाजांबरोबर आलेल्या उंदरांनी तिथल्या पक्ष्यांची अंडी-पिल्ले फस्त केली होती. 2011 ते 2015 या काळात हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकून त्यांचा नायनाट करण्यात आला, आणि 2018 मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झाले. दक्षिण जॉर्जिया पिपिट हा तिथलाच छोटा गाणारा पक्षी आता पुन्हा किनाऱ्यांवर घरटी करतो. बाहेरचे जीव पुन्हा तिथे पोहोचू नयेत म्हणूनच जॅकेटच्या वेल्क्रोत अडकलेले गवताचे कुसळ चिमट्याने काढावे लागते, कॅमेऱ्याच्या पिशवीच्या शिवणी व्हॅक्यूमने साफ कराव्या लागतात आणि बुटांच्या तळव्यांच्या खाचांतली माती ब्रशने खरवडून ते जंतुनाशकात बुडवावे लागतात. सह्याद्रीत वापरलेले ट्रेकिंगचे सामान नेणार असशील, तर ही सफाई घरीच सुरू कर. आपल्याकडचे कुसळ भलते चिवट असते. 2023 मध्ये बर्ड फ्लूही या बेटापर्यंत पोहोचला, त्यामुळे किनाऱ्यावर बसणे, गुडघे टेकणे किंवा पिशवी खाली ठेवणे टाळावेच लागते.

हंगाम नोव्हेंबर ते मार्च असतो. मी तुझ्या जागी असतो तर नोव्हेंबर निवडला असता. त्या वेळी तीन-चार टन वजनाचे एलिफंट सीलचे नर अजून किनाऱ्यावर झुंजत असतात. डिसेंबरमध्ये फर सीलची इतकी दाटी होते की काही किनाऱ्यांवर उतरताच येत नाही. नोव्हेंबर निवडलास तर मात्र द्वीपकल्पावर पेंग्विनची पिल्ले दिसणार नाहीत, आणि व्हेल पाहायचे असतील तर फेब्रुवारी-मार्च अधिक चांगले.

जहाज निवडताना प्रवासीसंख्या आधी विचार. एका वेळी शंभरहून अधिक प्रवाशांना किनाऱ्यावर उतरवता येत नाही आणि पाचशेहून अधिक प्रवाशांची जहाजे अंटार्क्टिकात कोणालाच उतरवत नाहीत. स्वस्त वाटणारे तिकीट अनेकदा अशाच जहाजाचे असते, आणि मग सारे काही डेकवरूनच पाहावे लागते. चिलीतील पुंता अरेनासहून विमानाने दोन तासांत द्वीपकल्पाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर नेणाऱ्या सफरीही आहेत. त्यांत दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधल्या खवळलेल्या ड्रेक सामुद्रधुनीची उलटी-मळमळ टळते हे खरे, पण जहाजामागे तासन्‌तास पंख न हलवता तरंगणारा, साडेतीन मीटरपर्यंत पंखविस्तार असलेला वाँडरिंग अल्बट्रॉसही टळतो. मला हा सौदा पटत नाही. मळमळीचे औषध डॉक्टरांना विचारून घे आणि समुद्र खवळण्याच्या आधीच घे.

तू ‘मैत्री’ या आपल्या संशोधन केंद्राबद्दल विचारले आहेस. गोव्याहून 1981 मध्ये पहिली भारतीय मोहीम निघाली तेव्हापासून आपल्याला त्या भागाविषयी आपुलकी आहे, पण ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही दोन्ही केंद्रे पूर्व अंटार्क्टिकात, द्वीपकल्पापासून हजारो किलोमीटर दूर आहेत. या सफरीत ती दिसणार नाहीत.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. अंटार्क्टिकाचा व्हिसा नसतो, अर्जेंटिनाचा मात्र सहसा लागतो. वाटेतल्या विमानतळांचे आणि फॉकलंडचे नियम कंपनीकडून लेखी मागव. भारतात 2022 मध्ये अंटार्क्टिक कायदा झाला आहे, त्यामुळे सफरीचा परवाना कोणत्या देशाने दिला आहे हेही विचार. आजारी प्रवाशाला तिथून हलवण्याचा खर्च प्रचंड असतो, तेव्हा तो भरून देणारा विमा घेतल्याशिवाय निघू नकोस.

दक्षिण जॉर्जियासाठी किती दिवस राखून ठेवले आहेत, हे प्रत्येक कंपनीला विचार. चार दिवस असतील तर उत्तम, कारण त्यातला एखादा वाऱ्यात जातोच. दोनच असतील तर ती सफर सोडून दे. उत्तरे आली की आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी कार्यक्रमपत्रिका मला पाठव.

कळावे, लोभ असावा.