जुना अ‍ॅम्प्लिफायर चालू करण्याआधी

३०५५ ट्रान्झिस्टरचा (म्हणजे 2N3055, एनपीएन जातीचा पॉवर ट्रान्झिस्टर) जुना अ‍ॅम्प्लिफायर मिळालाय ना, मग थेट मेन्सला लावू नकोस. स्पीकर काढ आणि मेन्सच्या वायरीत सिरीजमध्ये, म्हणजे करंट त्यातूनच जाईल असा, ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा फिलामेंटचा बल्ब टाक. एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर बरं. भक्क पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. आधी आउटपुट ट्रान्झिस्टर, म्हणजे स्पीकर चालवणारे ३०५५, तपास.

आउटपुटच्या एका बाजूला एनपीएन तर दुसऱ्या बाजूला उलट जातीचा पीएनपी लागतो, पण त्या काळी चांगले पीएनपी पॉवर ट्रान्झिस्टर महाग, म्हणून दोन्ही बाजूंना ३०५५च लावत. सिंगल सप्लायच्या (प्लस आणि ग्राउंड, मायनस सप्लाय नाही अशा) सेटमध्ये दोघांच्या मधल्या बिंदूवर सप्लायच्या साधारण निम्मे व्होल्ट दिसायला हवेत. ते जमलं की अर्धं काम झालं. हे मोजताना मला आजही तोच आनंद होतो. आयसीच्या सेटमध्ये तो कुठला!

ट्रान्झिस्टरचं धातूचं टोपण म्हणजेच कलेक्टर, त्याच्या तीन टोकांपैकी एक; त्यामुळे त्याला हीटसिंकपासून वेगळं ठेवणारा खालचा अभ्रकाचा पातळ तुकडा फाटला असेल तर बदलच, दोन्ही बाजूंना हीटसिंक पेस्ट लावून. मोठे कपॅसिटर रेझिस्टरने डिस्चार्ज केल्याशिवाय आत हात घालू नकोस. ट्रान्सफॉर्मर मात्र जपून ठेव, तसं तांबं आता परवडत नाही.