नवरा-बायको दोघांनाच समुद्र पार करायचा असेल तर कोणती मोटर-यॉट घ्यावी?

तुमचा प्रश्न मी असा समजलो. तुम्ही संभाजीनगरचे, वय ५९, पुढच्या वर्षी रिटायर. शेंद्र्याकडची जमीन विकून पैसे हातात आलेत, लेकरं बाहेरगावी, आणि तुम्हा दोघांना मोटर-यॉट घेऊन लांब समुद्रात जायचंय. शिडाची बोट नको, दोरखंड ओढणं झेपणार नाही म्हणता. जायकवाडीच्या नाथसागरात बोटिंग झालंय. व्हिडिओत ३० नॉटनं, म्हणजे तासाला ५५ किलोमीटरनं पळणारी एक पांढरीशुभ्र ६० फुटी बोट बघून ठेवलीय, ती घ्यावी का असं विचारता.

दादा, ती नका घेऊ. बाकी स्वप्न मात्र चुकीचं नाही.

मी जिंतूर तालुक्यातला. समुद्र पहिल्यांदा बघितला तेव्हा विशी उलटली होती, त्यामुळे मराठवाड्यातला माणूस बोटीबद्दल विचारतो म्हणून मला हसू येत नाही. व्यापारी जहाजांवर २१ वर्षं इंजिनिअर होतो. नोकरी सोडल्यावर दोनदा अशा छोट्या, दूर पल्ल्याच्या मोटर-यॉट एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोचवायला इंजिनवाला म्हणून गेलो. तेवढ्या शिदोरीवर लिहितोय.

अशी बोट बघायला गेलात की एकच विचार डोक्यात ठेवा. रात्रीचे दोन वाजलेत, जमीन ५०० मैलांवर आहे, तुम्ही झोपलाय आणि वहिनी एकट्या जाग्या आहेत. त्यांना ही बोट चालवता येईल का? आणि त्या जाग्या असताना तुम्हाला बिनघोर झोप लागेल का? आतलं लाकूडकाम, सोफे, वरचा डेक, सगळं त्यानंतर बघायचं.

वेगाचं आधी सांगतो, कारण तुमची बोट तिथेच नापास होते. पळणारी बोट पाण्यावर चढून घसरत जाते. त्यासाठी ती हलकी लागते, इंजिनं मोठी लागतात आणि डिझेल टँकरनं लागतं. समुद्र खवळला की तिला वेग कमी करावाच लागतो, आणि मंद वेगात तिचा सपाट तळ नुसता आपटत राहतो. महासागर पार करणारी बोट पाण्यात बसून, पाणी बाजूला सारत चालते. तिच्या वेगाला निसर्गानंच कुंपण घातलंय. पाण्याला टेकणारी लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला १.३४ नं गुणा. ४० फुटांना साधारण साडेआठ नॉट येतात. त्याच्या पुढे ढकलायला गेलात तर इंजिन नुसतं लाटा उभ्या करतं.

आणि साडेआठनंही जायचं नसतं. सहा-साडेसहानं जायचं, म्हणजे तासाला १२ किलोमीटर. आपल्याकडे सायकलवर दूध घालणारा याहून जोरात जातो. पण हिशोब बघा. मैलामागचं डिझेल साधारण वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं, म्हणजे आठवरून सहावर आलात की ते जवळजवळ निम्म्यावर येतं. ४६ फुटी बोटीत ३,८०० लिटर डिझेल धरा. साडेसहा नॉटला तासाला नऊ लिटर जळालं तर चारशेवर तास मिळतात, म्हणजे सुमारे २,७०० सागरी मैल. कॅलिफोर्निया ते हवाई २,२०० मैलांच्या आसपास आहे आणि मध्ये एकही पंप नाही. चौदा दिवस लागतात. या धंद्यातले लोक बोटीला आधी हेच विचारतात, हवाई गाठशील का? तुमची ३० नॉटवाली एवढ्या डिझेलवर कोकणकिनारा ओलांडेल, हवाई नाही.

हे काही नवीन नाही. अमेरिकन नौदलातून निवृत्त झालेले कॅप्टन रॉबर्ट बीबी यांनी ५० फुटी ‘पॅसेजमेकर’ सिंगापुरात बांधून घेतली आणि १९६३ मध्ये ती तिथून थेट ग्रीसपर्यंत नेली. लहान मोटर-बोटीनं महासागर पार करता येतो हे त्यांनी करून दाखवलं. पुढे जेम्स क्रोगन यांच्या आराखड्यावरची ४२ फुटी बोट तैवानात बांधली जाऊ लागली. मग कॅलिफोर्नियाची नॉर्डहॅवन आली. तिची ४६ फुटी बोट कित्येक जोडप्यांनी दूरदूर नेली. ४० फुटीवर कुणाचा विश्वास बसेना, तेव्हा २००१-०२ मध्ये कंपनीनं खलाशी आळीपाळीनं बदलत ती जगाभोवती फिरवून आणली. स्टीव्ह आणि लिंडा डॅशू हे जोडपं आणखी वेगळ्या वाटेनं गेलं. आयुष्य शिडाच्या बोटींत गेलेलं. नंतर स्वतःसाठीच न्यूझीलंडमध्ये ॲल्युमिनियमची ८३ फुटी, लांब आणि अरुंद मोटर-बोट बांधून घेतली, बाहेरून रंगसुद्धा नाही. तशाच घडणीची पुढची ६४ फुटी बोट तर दोन माणसांनी लांब जावं हेच धरून आखलेली. दिसायला लष्करी. मला विचाराल तर दुकानात मिळालेल्या सगळ्यांत प्रामाणिक बोटी त्याच, पण आपल्या खिशाबाहेरच्या. २५-३० वर्षं वापरलेली ४०-४६ फुटी जड ट्रॉलर-यॉट, म्हणजे मासेमारी ट्रॉलरच्या घडणीची संथ बोट, हीच तुमची जात. तीसुद्धा काही लाख डॉलरांत जाते, आणि वर्षाला किमतीच्या दहा टक्के देखभालीला बाजूला काढावे लागतात. रिटायरमेंटच्या पैशात हा दुसरा आकडा धरायला लोक विसरतात.

आता डोलण्याबद्दल. नाथसागरावर वारा सुटला की लाटा उठतात, पण आखूड, खळखळणाऱ्या. महासागराची लाट लांब असते आणि बाजूनं येऊन बोटीला झुलवते. शिडाच्या बोटीला वारा एका कुशीवर दाबून धरतो, मोटर-बोटीला तो आधार नाही. गोल तळाची जड बोट सहसा उलटत नाही पण घड्याळाच्या लंबकासारखी हलत राहते. तीन दिवस असं झालं की माणूस चिडतो, जेवत नाही, चुका करतो. म्हणून डोलणं कमी करणारा स्टॅबिलायझर ही चैन नाही. काही बोटींना पाण्याखाली हायड्रॉलिकवर हलणारे पंख असतात, काहींत वेगानं फिरणाऱ्या जड चाकाचा गायरो. माझं मत जुन्या पद्धतीकडे झुकतं. मासेमारी ट्रॉलरसारखे दोन्ही बाजूंना लांब दांडे पसरायचे आणि त्यांना टांगलेले धातूचे ‘मासे’ पाण्यात सोडायचे. बोट ज्या बाजूला उचलली जाते त्या बाजूचा मासा तिला खाली ओढतो. वीज नाही, तेल नाही, बिघडायला फारसं काही नाही. सोडताना-काढताना मात्र कष्ट आहेत, आणि गुडघे दुखत असतील तर विचार करा. बीबींच्या बोटीलाही हेच होते.

तळात शिशाचं वजन, खिडक्यांना जाड काचा, दारं घट्ट बसणारी, आणि सुकाणूघरासमोर छातीएवढी भिंत, जिला पोर्तुगीज ब्रिज म्हणतात. हे सगळं बघाच, त्यावर जास्त लिहीत नाही. बोट तपासणारा सर्व्हेअर लावलात तर तो दाखवेल, आणि सर्व्हेअर न लावता बोट घेऊ नकाच.

इंजिनाबद्दल मात्र मला थांबवू नका.

आमच्या विहिरीवर डिझेल इंजन होतं. ते बंद पडलं की वडील म्हणायचे, “डिझेल बघ, मग हवा बघ. तिसरं काय नसतं.” लंगकावीहून श्रीलंकेतल्या गॉलकडे जाताना मला ते शब्दशः आठवले. फेब्रुवारी होता, मालक ६७ वर्षांचे, बाई ६४ च्या, आणि मी. बोट त्याआधी महिनोन्‌महिने बंदरात उभी होती. सुमात्राचं टोक मागे पडलं, मोठ्या लाटा सुरू झाल्या आणि टाकीच्या तळाला बसलेला सगळा गाळ ढवळून वर आला. रात्री दोनला फिल्टर चोंदला, इंजिननं हवा धरली आणि गप झालं. त्या वेळी पहाऱ्यावर बाई होत्या. मी खाली पोचेपर्यंत त्यांनी लहान इंजिन सुरू केलं होतं. अशा बोटींना बाजूला एक छोटं, स्वतंत्र टाकी आणि स्वतंत्र पंखा (प्रोपेलर) असलेलं इंजिन असतं, मोठं गेलं तर रांगत घरी जाण्यासाठी. त्याच्यावर तीन नॉटनं त्यांनी बोटीचं तोंड लाटेकडे धरून ठेवलं. मी फिल्टर बदलला, नट ढिला केला, हातपंप मारला, आधी फेस आला, मग निखळ डिझेल. चाळीस मिनिटं. मालक उठून आले तेव्हा बाई त्यांना म्हणाल्या, तुमची पाळी सहाला आहे, झोपा. आणि ते खरंच जाऊन झोपले!

यातून काय घ्यायचं ते सांगतो. डिझेल टाकीत फिरतं ठेवून गाळणारी व्यवस्था हवी. जोडफिल्टर हवेत, म्हणजे एक चोंदला की कळ फिरवून दुसऱ्यावर जाता येतं. फिल्टर चोंदू लागला की चढणारा व्हॅक्यूमचा काटा सुकाणूजवळून दिसायला हवा. इंजिनखोलीत वाकून का होईना, हात पोचायला हवा. जॉन डिअर तुम्ही ट्रॅक्टरवर बघितलंय, त्याच कंपनीची सागरी इंजिनं अशा कित्येक बोटींत असतात. शक्यतो जुनं, मेकॅनिकल पंपाचं घ्या, लॅपटॉपशिवाय दुरुस्त होतं. इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी आत न घेता तळाला लावलेल्या नळ्यांतून गोडं पाणी फिरवणारी पद्धत मिळाली तर सोडू नका, समुद्राचं पाणी आत येण्याची एक वाट कमी होते. आणि एकच पंखा असला तरी घाबरू नका. बोटीच्या तळाच्या कण्याआड झाकलेला एक पंखा जाळ्यात आणि लाकडात अडकण्यापासून उघड्या दोन पंख्यांपेक्षा सुरक्षित असतो. दोन इंजिनवाले यावर माझ्याशी भांडतील, भांडू द्या.

आता दोघांचं. पहारा चोवीस तास लागतो, समुद्रातल्या आंतरराष्ट्रीय नियमांत पाचवा नियमच तो आहे. रडार आणि एआयएस (जहाजं आपली जागा रेडिओवरून कळवतात ती यंत्रणा) मदतीला आहेत, डोळ्यांच्या जागी नाहीत. मासेमारांच्या लहान होड्या बऱ्याचदा दोन्हींवर दिसत नाहीत. दिवसा चार-चार तास, रात्री सहा-सहा तास असं काही जोडपी वाटून घेतात. पहिले तीन दिवस जड जातात, मग अंगवळणी पडतं. सुकाणूघरातच मागे एक बिछाना असलेली बोट बघा, हाक मारली की दुसरा जागा. आणि एक नियम मोडायचा नाही. रात्री दुसऱ्याला उठवल्याशिवाय एकट्यानं बाहेर डेकवर जायचं नाही. दोघांत एक पाण्यात पडला तर उरलेल्या एकाला त्याला शोधायचंय, बोट वळवायचीय आणि ओल्या माणसाला वर ओढायचंय.

दोन माणसांना जमतं का याची शंका असेल तर आपल्या नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. यांच्याकडे बघा. ‘तारिणी’वरून ऑक्टोबर २०२४ ला गोव्यातून निघाल्या, पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०२५ ला परत. दोघीच, तीही शिडाच्या बोटीवर. आणि आपल्या नौदलाचेच दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटेच फिरून आले. अर्थात या सगळ्यांच्या मागे कित्येक वर्षांची तयारी आणि नौदल होतं.

पाण्याची चिंता बहुतेकांना पडते. ती मराठवाड्याच्या माणसानं करू नये. बोटीवर आरओ असतं, खाऱ्याचं गोडं करतं, पण ते बंद पडेल असं धरूनच टाकी भरायची आणि मापानं वापरायची. माझी सासुरवाड लातूरची. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आमच्या सासूबाई भांडी विसळलेलं पाणी झाडाला आणि झाडाखालचं बादलीत असं करत होत्या. त्यांना मी बोटीवर कॅप्टन नेमायला तयार आहे.

तुम्ही निघायचं कुठून? मुंबईत गेटवेसमोर बोटी पाण्यातच बांधून ठेवतात, पावसाळ्यात ते काही खरं नाही. कोचीला मरिना आहे. अरबी समुद्र डिसेंबर ते मार्च शहाण्यासारखा वागतो, जूनमध्ये कोळीसुद्धा बाहेर पडत नाहीत आणि मे महिन्यातलं वादळ तौक्तेच्या वेळी २०२१ ला सगळ्यांनी बघितलंय. कोची ते माले सुमारे ४०० मैल, साडेसहा नॉटनं अडीच दिवस. पहिला लांब प्रवास म्हणून याहून चांगला नाही. लाल समुद्राकडे सध्या तोंड करू नका, २०२३ च्या शेवटापासून तिथे व्यापारी जहाजांवर हल्ले झालेत.

पण बोट घ्यायच्या आधी दोन गोष्टी करा. ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचे मोटर-बोटीचे कोर्स आहेत, ते दोघांनी करा. तुम्ही एकट्यानं नाही. मग परदेशात कुठेतरी अशीच एखादी संथ, जड बोट आठवडाभर भाड्यानं घ्या, सोबत तिथला कॅप्टन असू द्या. तिसऱ्या रात्री सुकाणू वहिनींकडे द्या, मागच्या बिछान्यावर आडवे व्हा. झोप लागली का ते मला इथे येऊन सांगा, पुढचं त्यावर बोलू.