कॅलिफोर्नियातल्या मसल स्लू इथे शेतकरी आणि रेल्वे कंपनीत गोळीबार का झाला?

थोडक्यात सांगायचं तर, जमिनीच्या भावावरून.

सरकारने सदर्न पॅसिफिक रेल्वेला रुळांच्या बाजूची जमीन एकाआड एक तुकड्यांत दिली होती. कंपनीने पत्रकं वाटली: येऊन राहा, जमीन कसा, भाव एकरी अडीच डॉलरपासून, आणि तुम्ही केलेल्या सुधारणांचे पैसे त्यात धरणार नाही. लोक आले. ते रान कोरडं होतं. त्यांनी कालवे खणले, पाणी आणलं, गहू पिकवला. मग १८७८च्या सुमारास कंपनीने भाव लावला तो एकरी १७ ते ४० डॉलर! म्हणजे स्वतःच्या घामाने वाढलेली किंमत शेतकऱ्याने स्वतःच भरायची. मला हा सरळ विश्वासघात वाटतो.

शेतकऱ्यांनी संघटना केली, कोर्टात गेले, पण निकाल कंपनीच्या बाजूने लागला. ११ मे १८८० रोजी तिथल्या हॅनफर्ड गावाजवळ मार्शल, म्हणजे कोर्टाचे हुकूम बजावणारा अधिकारी, कंपनीकडून जमीन घेतलेल्या नव्या खरेदीदारांना ताबा द्यायला आला आणि गोळ्या सुटल्या. सात जण गेले, त्यांत पाच शेतकरी. शिवाय मार्शलला अडवलं म्हणून आणखी पाच जणांना तुरुंग झाला. ते सुटून आले तेव्हा गावाने त्यांचं वीरांसारखं स्वागत केलं.