पाटीवर नाव घालू का?

प्रश्न : माझे वडील बंदरावर मासळीच्या टोपल्या उचलायचे. मी आठवीत शाळा सोडली, गवंड्याच्या हाताखाली गेलो. आज माझ्याकडे चाळीस माणसं कामाला आहेत. गावासाठी काही करायचंय. बायको म्हणते देवळाला सभामंडप, मुलगा म्हणतो शाळेला खोली. आणि पाटीवर नाव घालावं का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : रत्नागिरीचे असून मला विचारताय? पतितपावन मंदिरावरून रोज जात असाल. ते बांधणारे भागोजीशेठ कीर तुमच्याच वाटेने गेलेले. भंडारी कुटुंब, घरात दारिद्र्य, लहानपणीच मुंबई गाठली. सुतारकामाला लागले आणि शापूरजी पालनजींच्या कामांवर वर चढत बडे कंत्राटदार झाले. मी स्वतः चौतीस वर्षं साइटवर सुपरवायझर होतो. रंधा धरणारा हात टेंडरवर सही करू लागतो त्यामागे किती रात्री जागलेल्या असतात, ते तुम्हाला मी काय सांगणार!

आता त्यांनी पैसा कुठे लावला ते बघा. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते तो काळ. गावात देवळं काही कमी नव्हती, पण अस्पृश्य म्हणून हिणवलेल्यांना उंबऱ्याच्या आत येता येईल असं देऊळ नव्हतं. १९३१ साली ते उभं राहिलं, भागोजीशेठच्या पैशाने. मुंबईत दादरला समुद्राकाठी स्मशानासाठी जागा दिली तीही त्यांनीच. माझ्या आईला तिथेच नेलं होतं. जुलै महिना, रात्रीचे अकरा, छत्र्या उलट्या होत होत्या. ‘भागोजी कीर’ हे नाव मी त्या रात्री पहिल्यांदा नीट वाचलं. तोवर बसमधून शंभरदा पुढे गेलो असेन.

तेव्हा मंडप की खोली हे घरी बसून ठरवू नका. शाळेत जा. मुख्याध्यापिकाबाईंना विचारा, मोठ्या मुली महिन्यातले चार दिवस गैरहजर का असतात. कदाचित खोली पुरेशी असेल आणि संडासात पाणी नसेल. टाकी, नळ, न्हाणीघर हे तर तुमच्या हातातलं काम. मात्र दरसालच्या दुरुस्तीचे पैसे आधीच बाजूला काढा. बांधून फीत कापणारे पुष्कळ भेटतात, वॉशर बदलायला कुणी फिरकत नाही. संस्थेला पैसे देणार असाल तर चेकनेच द्या. दोन हजारांवरच्या रोख देणगीला करसवलत नाही, आणि नवी कररचना घेतली असेल तर चेकनेही ती मिळत नाही. सवलतीसाठी देत नसाल, तरी पावती हवीच.

पाटी लावा की, लाज कसली? वडिलांचं नाव घाला.

एक मात्र राहिलं. आठवीत शाळा का सुटली, ते पत्रात लिहिलेलं नाही तुम्ही. फी, अंतर, की आणखी काही? बायको-मुलाचं म्हणणं ऐकण्याआधी ते एकदा आठवून बघा, आणि जमलं तर मलाही कळवा.