कुकीजच्या आड गेलेला प्रश्न

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

दिवाळी अंकासाठीचा तुझा लेख दोनदा वाचला. अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीत उमेदवारांच्या बायकांना लोक कसं जोखतात, हा विषय तू घेतलास याचा मनापासून आनंद झाला. पण जे. डी. व्हान्स यांच्या पत्नी उषा व्हान्स यांच्यावर लिहिताना पहिले चार परिच्छेद तू त्यांचं आंध्रातलं मूळ, त्यांची साडी आणि शाकाहार यांवर खर्च केलेस. त्या येलला कायदा शिकल्या, सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांच्या हाताखाली त्यांनी काम केलं, जुलै २०२४ मध्ये नवऱ्याला उपाध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली तशी त्यांनी वकिलीची नोकरी सोडली, हे सगळं मिळून एक ओळ, तीही शेवटी. तिकडचे लोक त्यांच्या वंशावरून वाईटसाईट बोलले, म्हणून तुला राग आला आणि तो बरोबर आहे. पण आपणही त्यांना लग्नासाठी दाखवायला बसवलेल्या मुलीसारखंच पाहतोय, हे तुझ्या लक्षात आलं नाही.

ही चूक मी केलेली आहे, म्हणून इतक्या हक्काने सांगते. मार्च १९९२. मी एका दैनिकात परदेशी बातम्यांच्या डेस्कवर रात्रपाळीला होते. टेलिप्रिंटरवर शिकागोची बातमी आली. अध्यक्षपदाची उमेदवारी मागणारे आर्कान्सा राज्याचे गव्हर्नर बिल क्लिंटन यांच्या पत्नी हिलरी म्हणाल्या होत्या की, मी घरी राहून कुकीज भाजू शकले असते, चहापानं करू शकले असते. पण नवरा सार्वजनिक जीवनात येण्याआधीपासून जो व्यवसाय मी पत्करला होता, तो करायचं मी ठरवलं. मी मथळा दिला, ‘चूल आणि मूल करत बसले नाही!’ मूळ वाक्यात चूल नव्हती, मूल तर नव्हतंच. मथळा तीन कॉलमांत चपखल बसला, आणि जागा कमी होती म्हणून व्यवसायाचं पुढचं वाक्य मी कापलं.

आठवड्याभरात एका वाचक बाईंचं पोस्टकार्ड आलं. निळ्या शाईत, पार कडेपर्यंत भरलेलं. ‘पहाटे पाचला उठून मी बारा माणसांचं करते. त्या बाईंना माझ्यासारखीची लाज वाटते का?’ बाईंचा राग हिलरींवर होता आणि तो पेटवला होता मी.

पुढे कधीतरी हिलरींचं ते बोलणं पूर्ण वाचलं. बाईला पूर्णवेळ नोकरी, पूर्णवेळ आईपण किंवा दोन्हींचा मेळ यांतलं हवं ते निवडता यावं, यासाठीच माझं काम आहे, असंही त्या तिथेच म्हणाल्या होत्या. ते अमेरिकेतही मागे पडलं. मला त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. त्यांना प्रश्न काय विचारला होता? आदल्या दिवशीच्या वादसभेत क्लिंटन यांचे पक्षांतर्गत प्रतिस्पर्धी जेरी ब्राउन यांनी आरोप केला होता की, गव्हर्नर क्लिंटन राज्याची कामं पत्नीच्या लॉ फर्मकडे वळवतात. प्रश्न पैशाचा आणि हितसंबंधांचा होता, अगदी रास्त. आरोप खोटा असेल तर तसं सिद्ध व्हायला हवं होतं, खरा असेल तर मतदारांना कळायला हवं होतं. कुकीजच्या गदारोळात तो मागे पडला.

त्याच वर्षी ‘फॅमिली सर्कल’ मासिकाने हिलरी आणि तेव्हाच्या अध्यक्षांच्या पत्नी बार्बरा बुश यांच्या कुकीजच्या पाककृती छापून वाचकांची मतं मागवली. हिलरींची पाककृती ओट्स आणि चॉकलेटची होती, ती जिंकली. मग दर निवडणुकीला हा सामना होत राहिला. २०१६ मध्ये उमेदवाराचा जोडीदार म्हणून बिल क्लिंटन यांची पाळी आली, तेव्हा तीच जुनी पाककृती ‘क्लिंटन कुटुंबाची’ म्हणून पाठवली गेली आणि पुन्हा जिंकली. हा तपशील तुझ्या लेखात नाही. जरूर घे.

आता जॉन झकारो घे. १९८४ साली मोठ्या पक्षाकडून उपाध्यक्षपदाला उभ्या राहिलेल्या पहिल्या बाई जेराल्डिन फेरारो, त्यांचे हे पती. त्यांचा मालमत्तेचा धंदा होता आणि करविवरणपत्रं दाखवायला ते आधी तयार नव्हते. पत्रकारांनी पिच्छा पुरवला. नवऱ्याच्या हिशोबांची उत्तरं फेरारोंना भर पत्रकार परिषदेत द्यावी लागली. पुढच्या जानेवारीत झकारोंनी कर्जाच्या एका व्यवहारात गुन्हा कबूल केला. म्हणजे विचारणं योग्यच होतं. बायको असो वा नवरा, हिशोब विचारायलाच हवेत. सत्तेतला वाटाही विचारायला हवा, कारण निवडून आल्यावर जानेवारी १९९३ मध्ये क्लिंटन यांनी आरोग्यसेवेच्या सुधारणेचं काम हिलरींकडेच सोपवलं. तू लेखात ‘जोडीदारांना सोडून द्या’, म्हणजे त्यांना काही विचारूच नका, असं म्हणतोस, ते मला पटत नाही.

ज्युडिथ डीन यांच्यावर तू दोनच ओळी लिहिल्यास. मला दोन पानं हवीत. व्हरमाँटमधल्या या डॉक्टर. नवरा हॉवर्ड डीन २००४ च्या उमेदवारीसाठी देशभर फिरत होता आणि या आपल्या दवाखान्यात रुग्ण तपासत होत्या. बायको दिसत नाही, म्हणजे संसारात काहीतरी गडबड आहे, अशी कुजबुज झाली. शेवटी आयोवातल्या मतदानाच्या तोंडावर त्या तिथे गेल्या आणि नवरा तिसऱ्या क्रमांकावर आला, तेव्हा टीव्हीवर त्याच्याशेजारी बसून मुलाखतही दिली. ठरलेल्या वेळी येणाऱ्या रुग्णाला परत न पाठवणं, यात लोकांना खुपलं काय? हे शोध. तुझा लेख इथे उभा राहील असं मला वाटतं.

१८२८ मधल्या रेचेल जॅक्सन यांचा भाग चांगला उतरलाय. पहिला घटस्फोट पुरा व्हायच्या आधी दुसरं लग्न झालं, म्हणून प्रचारात त्यांना व्यभिचारिणी म्हटलं गेलं. नवरा अँड्र्यू जॅक्सन अध्यक्षपदाची निवडणूक जिंकला, पण शपथविधीआधीच, डिसेंबरात त्या वारल्या. तिथे तू एकही विशेषण वापरलं नाहीस, तसंच ठेव. मोठी झाल्यापासून पहिल्यांदाच मला देशाचा खरा अभिमान वाटतोय, हे मिशेल ओबामांचं २००८ मधलं वाक्य मात्र तू अर्धंच घेतलंयस. लोक बदलासाठी आसुसलेत असं मला वाटतं, हे त्याच वाक्याचं पुढचं टोक आहे. ते जोड, आणि भाषांतर मूळ इंग्रजीशेजारी ठेवून कर.

दुसरा खर्डा पुढच्या रविवारपर्यंत पाठव. ते पोस्टकार्ड माझ्याकडे अजून आहे, घरी आलास की दाखवीन.

तुझी,
ताई